डायरीत नसलेला लाडू

साहित्य, दोनशे चाळीस लाडवांसाठी:

नाचणीचं पीठ. राजगिऱ्याच्या लाह्या. शेंगदाण्याचं कूट, फार बारीक नको. तीळ, भाजून. चिरलेला गूळ. तूप, हात राखून. वेलदोडा, नावापुरता. काळा बेदाणा.

यातला 'काळा' निळ्या पेनानं खोडून वर 'पिवळा' लिहिलं होतं. दोन्ही अक्षरं संयोगिताचीच.

कागद पत्र्याच्या खोलीत, मोठ्या शेगडीच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. तुपाच्या वाफेनं त्याच्या कडा तेलकट झाल्या होत्या. चार वर्षांत तो वाचायची तिला गरज पडली नव्हती. हाताला सगळं पाठ होतं. आज ती त्याच्याकडं बघत उभी राहिली, कारण दाराकडं तोंड केलं असतं तर अंगणातल्या बॅगा दिसल्या असत्या.

बॅगा काल संध्याकाळीच भरून झाल्या होत्या. साईराजची, तिच्या धाकट्या दिराची, रजा आज संपत होती. युनिटला परत जाताना तो बायकोला आणि मुलीला वाटेत साताऱ्यात सोडणार होता, सोनियाच्या माहेरी. चार दिवसांच्या बोलीवर नाही. शिवांजलीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. सहा वर्षांच्या पोरीला कुंडलची हवा मानवत नाही, असा घरानं निकाल दिला होता. उसाचा पाला पेटवतात त्याचा धूर, द्राक्षबागांवरची औषधं, ऊन, गारठा. दिवाळीत तीन आठवडे साताऱ्यात राहिली तर एकदाही धाप लागली नाही. आणखी काय बघायचं राहिलं होतं?

वेगळं व्हायचं असं कुणीच म्हणत नव्हतं. पण सासरे, गुंडातात्या, जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून या घरातलं एकही ताट कमी झालेलं नव्हतं. आज दोन कमी होणार होती.

*

नाचणीचं पीठ मंद आचेवर भाजावं. घाई केली की कडू लागतं.

संयोगिता उलथनं फिरवत होती. उजवा खांदा पहाटेपासून ठणकत होता, पण तो कोणत्या रविवारी ठणकत नसे? रविवार आणि बुधवार हे तिचे लाडवांचे दिवस. सोमवारी आणि गुरुवारी गावातल्या बालवाडीत मधल्या सुट्टीत पोरांच्या हातावर एकेक लाडू पडायचा. पूर्वी पोरं घरून पाकिटं आणत. तिखट, फुगीर, बोटं केशरी करणारी. चार वर्षांपूर्वी तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही काही करून द्याल का, आणि तिनं होय म्हणून टाकलं. त्या होकारात किती पहाटा होत्या हे तेव्हा कुठं कळलं होतं? तरी एक खरं. वजनाच्या दिवशी बाई तिला बोलवत आणि काटा दाखवत. तेवढ्यावर ती पुढचा आठवडा ओढायची.

सासू आत आली. राहीबाई सत्तरीची, पण चालण्यात अजून रोख होता. दोन्ही सुना तिला आत्या म्हणत. तिनं भाजणीचा वास घेतला, मान हलवली आणि शिवांजलीचा डबा वेगळा बांधायला सांगितलं. निदान चाळीस लाडू. साताऱ्यात हिला असलं कोण करून घालणार, सोनियाची आई तर पाव-जामवाली.

"आन तुपाचा हात जरा सैल सोड तिच्या वाटणीला," ती म्हणाली. "पोरीची हाडं दिसाय लागलीत."

संयोगितानं मान डोलावली. हाडं दिसत होती हे खरंच होतं. सप्टेंबरपासून एकेक गोष्ट त्या पोरीच्या ताटातून उठत गेली होती. केळं, दही, पेरू, काकडी, अंडं. आता भात, वरण, भाकरी आणि दूध राहिलं होतं. दुधावरही सोनियाचा डोळा होता.

*

गूळ वितळला की राजगिरा, कूट, तीळ घालावं. बेदाणा सगळ्यात शेवटी.

सोनिया हातात फाईल आणि एक लांबट डायरी घेऊन दारात आली. मूळची साताऱ्याची, पदवीधर, नऊ वर्षं या घरात राहूनही बोलणं शहरीच राहिलेली. डोळ्यांखाली काळं. तिनं फाईल आणि डायरी बेदाण्याच्या खोक्यावर ठेवली.

"ताई, हे इथं ठेवते. तिचे स्वेटर राहिलेत घ्यायचे. निघताना विसरले तर आठवण करा. डायरी नसली तर तिकडच्या डॉक्टरांना काय दाखवू?"

पावसाळ्यात पोरीला धाप लागायला लागली, तेव्हा डायरी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितली होती. पोरगी दिवसभरात जे जे तोंडात घालेल ते लिहायचं, आणि धाप लागली तर वेळ लिहायची. त्यांनी कुठलाही पदार्थ बंद करायला सांगितला नव्हता; ते सगळं घरानं मिळून केलं होतं. सोनिया मात्र रोज लिहीत आली होती. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा.

संयोगितानं ती आजवर उघडली नव्हती. ज्याचं त्याचं असतं. पण गूळ वितळायला वेळ होता, उभं राहून कंटाळा आला होता, आणि त्या डायरीत काय लिहिलंय यापेक्षा आपली जाऊ इतके दिवस कशाशी झुंजत होती ते बघावं, असं तिला वाटलं. ती खोक्यावर टेकली.

*

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी दूध, अर्धी चपाती. शाळेतून आल्यावर वरणभात. शेजारच्यांनी दिलेलं बिस्किट एक. साडेचारला धाप. पंप दोनदा. बिस्किट बंद.

७ सप्टेंबर, रविवार. पोहे. भाकरी, मेथी. केळं अर्धं. चारला छातीत शिट्टीसारखा आवाज. पंप दोनदा. केळं बंद.

१७ सप्टेंबर, बुधवार. दहीभात. पाचला धाप. दही बंद.

२८ सप्टेंबर, रविवार. उपमा. दुपारी अर्धा पेरू. चारच्या आत धाप, ओठ काळसर. पेरू बंद. आत्या म्हणाल्या, शेजारच्या बागेत औषध मारलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार. काहीच वेगळं दिलं नव्हतं. साडेतीनला सुरू. पंपानं उतरलं नाही. मिरजेला नेलं. रात्रभर ऑक्सिजन. काहीच वेगळं दिलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. ठीक.

१८ ऑक्टोबर, शनिवार. साताऱ्याला आलो.

१९ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर. ठीक. ठीक. ठीक. (आईकडं केळंसुद्धा खाल्लं. ठीक.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार. कुंडलला परत.

९ नोव्हेंबर, रविवार. वरणभात फक्त. पावणेपाचला धाप. मागं पाला पेटवला होता.

*

'काहीच वेगळं दिलं नव्हतं' हे वाक्य दोनदा का लिहिलंय, असं आधी संयोगिताच्या मनात आलं. मग तिनं पानं मागं उलटली आणि नुसते वार वाचले.

बुधवार. रविवार. बुधवार. रविवार. रविवार.

तिनं पुन्हा वाचले. सप्टेंबरात धूर कुठला? ऊसतोड दिवाळीनंतरची. आणि पंधरा ऑक्टोबरचा बुधवार ठीक गेला तेव्हा पोरगी साताऱ्यात नव्हती, इथंच होती. त्या बुधवारी या खोलीत शेगडी पेटली नव्हती. बालवाडीला सुट्टी लागली होती, आणि संयोगिता दिवसभर आडवी पडून होती. नऊ नोव्हेंबरला सुट्टी संपून तिनं पहिला घाणा घातला होता.

डायरीत लाडू कुठंच नव्हता.

शेजारच्या बिस्किटाची नोंद होती. दुकानातल्या गोळीची होती, लग्नातल्या जिलबीच्या तुकड्याची होती. पण दर रविवारी, दर बुधवारी, घाण्यातले फुटके लाडू एका स्टीलच्या डब्यात पडायचे, आणि शाळेतून आल्यावर किंवा दुपारचं झोपून उठल्यावर शिवांजली या दारात येऊन हात पुढं करायची, हे डायरीत नव्हतं. ते सोनियानं लपवलं नव्हतं. तिला ते खाणं वाटलंच नव्हतं. घरचं, मोठीआईच्या हातचं, नाचणीचं. ते कोण लिहितं?

फाईलमध्ये पहिल्याच पानावर दवाखान्याचा छापील कागद होता. प्रश्नांसमोर सोनियानं नेटक्या अक्षरात उत्तरं भरली होती. अकरावा प्रश्न: सुका मेवा, विशेषतः गंधकाची धुरी दिलेला? उत्तर: नाही.

आणि संयोगिताला तो दिवस आठवला. फॉर्म भरताना सोनिया माजघरात बसली होती, आणि सुका मेवा देतो का आपण, असं तिनं मोठ्यानं विचारलं होतं. हसून उत्तर दिलं होतं ते संयोगितानंच. सुका मेवा आणि आपल्या घरी? काजू-बदाम दिवाळीला बघायचे. या घरात बेदाणा सुका मेवा नव्हता. तो माल होता. शेडमध्ये रॅकवर पसरायचा, चाळायचा, तासगावच्या बाजारात पाठवायचा माल. ज्वारीला कोण सुका मेवा म्हणतं?

ती उठली आणि ज्या खोक्यावर बसली होती त्याचं झाकण तिनं उचललं. दाणे सोन्यासारखे, एकसारखे, लांबोडे. निवडक माल. तिनं नाक जवळ नेलं. आगकाडी ओढल्यावर येतो तसा झणका आत शिरला, आणि नाकाच्या मुळाशी जाऊन थांबला.

हा झणका तिला नवा नव्हता. ती त्याला ताज्या मालाचा वास म्हणायची.

मागं शेगडीवर गूळ करपायच्या बेतात आला होता. ती लगबगीनं गेली, आच बंद केली, सवयीनं राजगिरा, कूट, पीठ ओतलं आणि सवयीनंच एक घास हातात घेऊन वळायला गेली. वळेना. पाक पुढं गेला होता. लाडू मुठीत धरला की दोन भाग व्हायचा, सोडला की चार. तिनं तूप घातलं, पुन्हा दाबलं. पाच मिनिटांत परातीत नुसता भुगा झाला. बेदाणा अजून घातलेला नव्हता.

*

शेड घराच्या मागं, बांधाला लागून. आत रॅक रिकामे होते, कारण द्राक्षं अजून वेलावर होती. इंद्रजित, तिचा नवरा, हिरव्या जाळ्या शिवत बसला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कंबर धरून उठणारा माणूस.

तिनं त्याला सगळं सांगितलं. वार, तारखा, अकरावा प्रश्न. मग विचारलं, खोक्यातल्या मालाला धुरी दिलेली हाय का.

त्यानं सुई जाळीत खोचून ठेवली. दोन हंगाम झाले देतोय, तो म्हणाला. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद लावून खोली केली होती ती कशाला होती असं तिला वाटलं? रंग राहतो. रंगाशिवाय माल कोण उचलत नाही. सगळेच देतात, नियमात बसेल एवढीच देतात, अख्खी दुनिया खाते आणि कुणाला काही होत नाही.

"आख्ख्या दुनियेला दमा न्हाई," ती म्हणाली.

 जूनमध्ये तिनंच मागितला होता पिवळा माल. बालवाडीतली पोरं काळे दाणे किडे समजून वेचून टाकत होती, म्हणून. त्यानं त्यातला सगळ्यात चांगला काढून दिला होता. विकायचा नाही, गावातल्या पोरांसाठी म्हणून.

"कुणाला सांगितलंस?"

"न्हाई अजून."

"मग ऐक." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "पोरगी दोन वाजता साताऱ्याला जाती. तिथं बरी राहील. उद्यापासनं शाळेला काळा बेदाणा घाल, माळ्यावर दोन पिशव्या हायेत उन्हात वाळवलेल्या. आईनं ठेवल्यात. कुणाचं वाईट व्हायचं न्हाई. एवढ्यावर मिटतंय की."

"आन सोनिया?"

"तिचं काय?"

 तोच पुढं बोलला, आणि जे बोलला त्यात संयोगिताबद्दलची काळजीच होती, हे तिला कळत होतं.

"तू सांगितलंस तर ती मला न्हाई नाव ठेवायची. गंधक कुणाच्या ध्यानात राहत न्हाई. लाडू कुणी चारला ते राहतंय. जलमभर."

पंचवीस वर्षांच्या संसारात तो क्वचितच इतकं बोलला होता. आणि चुकीचं काही बोलला नव्हता.

*

लाडू गार झाल्यावर डब्यात भरावेत. फुटके वेगळे ठेवावेत.

ती परत खोलीत आली. भुगा तसाच परातीत होता. माळ्यावरच्या पिशव्या काढायच्या, नवा घाणा घालायचा, दोनपर्यंत चाळीस लाडू होतील. काळा बेदाणा घालून. पोरीला काही होणार नाही. कुणाला काही कळणार नाही. आणि खांदा इतका ठणकत होता, की हा सगळ्यात कमी कष्टाचा रस्ता आहे एवढ्याचंच तिला बरं वाटलं. तिनं स्टूल ओढलं. त्यावर चढली. पिशवीला हात लागला.

"ताई, डबा झाला का?"

सोनिया आली होती. हातात घडी केलेला लहानसा लाल स्वेटर. परातीतला भुगा बघून ती थांबली, पण तिला लाडवाशी काही देणंघेणं नव्हतं. ती खोक्यावर बसली, आत्ताच संयोगिता बसली होती तिथंच, आणि स्वेटरची बटणं लावत राहिली. मग हळूच म्हणाली की साईराजसमोर विचारता येत नाही, तो चिडतो, म्हणून ताईंना विचारते. शिवांजली पोटात असताना तिला सातव्या महिन्यात न्युमोनिया झाला होता. औषधं घ्यावी लागली होती, जोराची. त्याचं तर नसेल हे?

"डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. पण ते तसं म्हणणारच ना," ती म्हणाली. "मी सगळं बंद करून बघितलं, ताई. आता काय बंद करायचं राहिलंय? मीच राहिलेय."

संयोगिता स्टुलावरून खाली उतरली. पिशवी माळ्यावरच राहिली. तिला वाटलं, आपण आता बोलू. पण तोंडातून शब्द निघाले ते एवढेच:

"बाहेर चल. सगळ्यांफुडं सांगती. दोनदा सांगायचं बळ न्हाई मला."

*

अंगणात साईराज गाडीच्या डिकीत सामान बसवत होता. इंद्रजित शेडकडून येऊन आंब्याखाली उभा राहिला होता. बायकोचा चेहरा बघून त्याला कळलं, आणि त्यानं तोंड बाजूला केलं. राहीबाई ओट्यावर बसून शिवांजलीची वेणी घालत होती. संयोगितानं पोरीला मागच्या दारी पिटाळलं, कोंबड्यांना दाणे टाकून ये म्हणून. मग पायरीवर बसली, कारण उभं राहून बोलता येईल असं तिला वाटेना.

सांगायला फार वेळ लागला नाही. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. बेदाण्याला धुरी असते एवढंच म्हणाली. लाडू मी करत होते, मी चारत होते, पिवळा मीच मागून घेतला होता. डायरीतले वार बघा. खात्री डॉक्टर देतील, पण मला तर काही शंका वाटत नाही.

 मग साईराज भावाकडं वळला.

"दादा, तुला म्हाईत होतं?"

"धुरी म्हाईत होती. ती खाती हे म्हाईत न्हवतं."

"घरात राहून म्हाईत न्हवतं?"

"तू तर घरातबी न्हाईस वर्षातनं दहा म्हैने," इंद्रजित म्हणाला. आवाजात तेज नव्हतं. दोघंही भांडायला थकलेले होते.

सोनियाचा चेहरा कोरा होता. ती आत गेली. संयोगिताला वाटलं, आता दार लावून घेईल. पण ती डायरी आणि पेन घेऊन बाहेर आली, ओट्यावर मांडी घालून बसली आणि तीन सप्टेंबरचं पान उघडलं.

"वेळ सांगा," ती म्हणाली. कुणाकडं न बघता. "तीन सप्टेंबर, बुधवार. किती, आणि किती वाजता?"

संयोगितानं आठवायचा प्रयत्न केला. "शाळेतनं आल्यावर. साडेतीन असतील. दोन फुटके."

सोनियानं ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं. "सात. रविवार."

"तीनच्या सुमारास. एक. मोठा हुता."

"सतरा."

"त्या दिवशी..." संयोगिता थांबली. त्या दिवशी तिनं दिल्याचं तिला आठवेना. तिला आठवत होता तो डबा, आणि डबा संध्याकाळी रिकामा होता.

"त्या दिवशी डब्यातला म्या दिला," राहीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. ती फणीतले केस काढत होती, आणि काढून झाले तरी काढतच राहिली. तिनं सांगितलं, शिवाय तिच्याकडं वेगळे असायचे, पदराच्या गाठीला. धाप उतरली की पोर गळून पडते, अंगात ताकद यावी म्हणून मागनं एक द्यायची. पंप दिला की.

"पंप दिल्यावर," सोनिया म्हणाली.

"व्हय."

"दर वेळी?"

"व्हय गं. दर वेळी." म्हातारीचा आवाज फुटला नाही, नुसता बसला. "रात्रीची परत धाप लागायची तवा म्या अंगारा लावायची."

सोनियानं लिहिलं. पान उलटलं. अठ्ठावीस सप्टेंबर. बारा ऑक्टोबर. बारा ऑक्टोबरला किती ते संयोगितानं सांगितलं. चार. त्या दिवशी पाक पुढं गेला होता, फुटके जास्त निघाले होते, आणि पोरगी आवडीनं खाते म्हणून ती देत गेली होती. 'काहीच वेगळं दिलं नव्हतं' या ओळीवर सोनियाचं पेन थोडा वेळ थांबलं. तिनं ती ओळ खोडली नाही. शेजारी फक्त आकडा लिहिला.

मग शेवटचं लिहिलेलं पान आलं. याच आठवड्यातला बुधवार. त्या संध्याकाळच्या धापेनंतरच साताऱ्याचं नक्की झालं होतं.

"बुधवारी मी दिलाच न्हाई," संयोगिता म्हणाली. "आमी पलूसला गेलो हुतो, दुपारनं."

 साईराजनं डिकीचं दार सोडलं आणि आपल्या काळ्या ट्रंकेवर बसला.

"मी," तो म्हणाला. "डब्यात दिसला म्हणून. छुट्टीत एवढंच तर मागते माझ्याकडं. दोन दिले." आणि मग, "साडेतीनला."

सोनियानं लिहिलं. साडेतीन. दोन. बाबांनी.

दोन वाजून गेले होते. गाडी उघडीच होती. शेवटी सोनियानं डायरी मिटून मांडीवर ठेवली आणि जे सांगायचं ते एका दमात, सपाट आवाजात सांगितलं. उद्या ती शिवांजलीला घेऊन मिरजेला जाणार. डॉक्टरांना हे सगळं दाखवणार. साताऱ्याचं नंतर बघू. साईराजनं निघावं, नाहीतर त्याची पुण्याहून सुटणारी रेल्वे चुकेल.

"आणि तुम्ही चला बरोबर," ती संयोगिताला म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना. मला नाही सांगता यायचं."

यात माफी नव्हती. राग होता का, तेही कळायला मार्ग नव्हता. संयोगिता हो म्हणाली.

इंद्रजित पत्र्याच्या खोलीत गेला आणि पिवळ्या बेदाण्याचं खोकं खांद्यावर घेऊन बाहेर आला. शेडकडं निघाला. वाटेत आईजवळ थांबला. राहीबाईनं पदराची गाठ सोडली, आतला लाडू त्या खोक्यात टाकला. तात्या असते तर काय म्हणाले असते, असं ती काहीतरी पुटपुटली. तात्यांनी पहिली शेड बांधली तेव्हा बेदाणा काळाच निघायचा, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

साईराज एकटाच गेला. दोन बॅगा अंगणात उतरवून.

*

उद्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. संयोगितानं बालवाडीच्या बाईंना फोन केला, उद्या लाडू नाहीत म्हणून सांगितलं. फुटाणे आणि गुळाचा खडा पाठवते. बेदाण्याचंही सांगून टाकलं. वर्गातल्या कुठल्या पोराला धाप लागत असेल तर त्याच्या आईशी मी स्वतः बोलेन, म्हणाली.  परवा या, बोलू, एवढंच बाई म्हणाल्या. म्हणजे बालवाडीचं काम राहील की जाईल ते परवा कळणार होतं. आज तिला त्याचं काही वाटलं नाही. आज तिच्यात वाटायला जागाच नव्हती.

ती खोली आवरू लागली. परात घासायची राहिली होती. भुगा कोंबड्यांना जाईल. भिंतीवरच्या कागदापाशी ती थांबली, पण पेन जवळ नव्हतं.

"मोठीआई."

शिवांजली दारात होती. अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटलेली. तिनं हात पुढं केला. सवयीप्रमाणे तळवा वर, बोटं पसरलेली.

संयोगितानं स्टीलच्या डब्याकडं पाहिलं नाही. खिडकीत टोपली होती, बांधावरच्या झाडाचे पेरू. तिनं एक उचलला, पदराला पुसला, आणि कापण्याआधी दाराबाहेर बघितलं.

ओट्यावर सोनिया अजून तशीच बसली होती. तिनं सगळं बघितलं होतं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

संयोगितानं पेरूचे दोन भाग केले. एक पोरीच्या हातावर ठेवला. पोरगी आधी आईकडं बघत राहिली, मग चावली. बाहेर सोनियानं डायरी उघडली, आजच्या पानावर आली.

"किती?" तिनं विचारलं.

"अर्धा."

"बियांसकट?"

"व्हय."

सोनियानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं, आणि वेळ लिहिली.